दुखो वा न दुखो, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी

कराडमधल्या ज्या पतसंस्थेत मी काम करते, तिथल्या दोघी-तिघींनी गेल्या वर्षभरात मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुला नक्की काय झालं होतं गं? आणि गेलीस कुणाकडे?" जिन्यात उभं राहून प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून टाकते. मला पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे धोका नसताना येणारे भीतीचे झटके, आणि नैराश्य होतं. त्यावरची माझी शेवटची गोळी ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. तारखा फाइलमधल्या आहेत, खर्च ढोबळ आहे.

पहिला झटका आला २२ सप्टेंबर २०२३ ला, गौरीजेवणाच्या दिवशी. घरात वीस-पंचवीस माणसं, पुरणाचा घाट, सोळा भाज्या. दुसरी पंगत वाढताना छाती अशी धडधडायला लागली की हातातली वाटी खाली ठेवावी लागली. ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, घशाला कोरड, आणि डोक्यात एकच, की आता मी जाणार. यांनी स्कूटरवर बसवून आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. दगदग झाली असेल म्हणून पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात घरी पाठवलं.

त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी काहीतरी व्हायचं. कधी धडधड, कधी पोटात गोळा, कधी डाव्या खांद्यातून कळ, कधी डोकं हलकं होऊन पाय लटपटायचे. दर वेळी मी दवाखान्यात. कंपाउंडर काका मला दारात बघूनच नंबर लिहायला घ्यायचे. तपासणी फी दीडशे रुपये, औषधं वेगळी. डॉक्टरांनी कधी झिडकारलं नाही, पण मलाच कानकोंडं व्हायला लागलं, म्हणून मग मी मध्येच दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला लागले. तिथे सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि नव्या तपासण्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडायचं.

जानेवारी २०२४ पर्यंत हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, डी-थ्री, पोटाची सोनोग्राफी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट आणि एंडोस्कोपी एवढं होऊन गेलं. इकोला दोन हजारांच्या आसपास, एंडोस्कोपीला साडेतीन. सगळे मिळून तीसेक हजार रुपये गेले. डी-थ्री कमी निघालं, त्याच्या गोळ्या घेतल्या. एंडोस्कोपीत किंचित सूज होती. बाकी नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे पेढे वाटायच्या बेतात असायचे आणि मला वाटायचं, म्हणजे अजून सापडलेलं नाही. चांगल्या रिपोर्टचा दिलासा फार तर दोन दिवस टिकायचा.

सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली, एकदा नारळ उतरवला. हे काही बोलायचे नाहीत, पण रात्री मी कूस बदलली तरी उठून बसायचे. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर माझ्या उशाशी असायचा. रात्री उठून बोटाला लावायचा, नाडीचा आकडा बघायचा, आणि आकडा बघितल्यामुळे तो आणखी वाढायचा.

फेब्रुवारीत फॅमिली डॉक्टरांनी मला एक दिवस दुपारी दीड वाजता, दवाखाना रिकामा झाल्यावर बोलावलं. यांनाही बोलावलं, पण बाहेर बसवलं. माझं केसकार्ड काढलं. एक भरून त्याला दुसरं स्टेपल केलेलं होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "ताई, आज छातीचं नाही विचारणार. झोपेचं सांगा."

मग त्यांनी दोन छापील कागद काढले, मराठीत. एक नऊ प्रश्नांचा, नैराश्य तपासणारा पीएचक्यू-नाइन. दुसरा सात प्रश्नांचा, चिंतेसाठीचा जीएडी-सेव्हन. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण. पहिल्याची बेरीज जास्तीत जास्त २७, दुसऱ्याची २१. दोन्हींत दहा किंवा त्याहून जास्त आले की डॉक्टर गांभीर्याने बघतात. माझे १४ आणि १६ आले. हे कागद भरायला पाच-सात मिनिटं लागतात आणि फक्त त्यांच्यावरून निदान होत नाही, पण माझ्यापुरतं सांगायचं तर त्या तीस हजारांच्या फाइलीत नसलेली गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली.

नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा असतो. मी पेन थांबवलं. "झोपेतून उठूच नये, असं कधीकधी वाटतं," एवढंच म्हणाले. डॉक्टर दचकले नाहीत. सरळ विचारलं, स्वतःला काही करून घ्यायचं मनात येतं का, कसं करायचं असं काही ठरवलंय का. तसं काही नव्हतं. तरीही यांना आत बोलावून ते माझ्यासमोरच सांगितलं. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरं झालं. पाच महिने हे एकटेच घाबरत होते, त्यांनाही कुणाशी तरी बोलता आलं.

मग त्यांनी भावाचं विचारलं. माझा मोठा भाऊ फेब्रुवारी २०२३ मध्ये हार्टअटॅकने गेला, वय ४९. "किती दिवस रजा घेतली होती?" डॉक्टरांनी विचारलं. तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मार्चएंडला कामावर हजर होते.

मी विचारलं, "म्हणजे मी नाटक करते असं म्हणायचंय का?" ते म्हणाले, "धडधड खरी आहे, मीच मोजलीय, एकशे वीस. हृदय चांगलं असूनही ते धडधडतंय. कशाने, ते बघायचं राहिलंय."

त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली, "मला विचारल्याशिवाय नवी तपासणी करायची नाही" असं सांगितलं आणि एक विचित्र वाटणारी अट घातली: दुखो वा न दुखो, दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दवाखान्यात यायचं. आमची पतसंस्था त्या शनिवारी बंद असते. मध्ये त्रास झाला तर तो वहीत लिहून ठेवायचा आणि शनिवारी दाखवायचा. मी म्हणाले, "कमी येत जा, असंच ना?" "नाही. ठरवून येत जा."

मागच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की कशासाठी शनिवारची वाट बघायची नाही: छातीत दाबल्यासारखं दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं आणि घाम फुटणं, शुद्ध हरपणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, काळी शौच, न उतरणारा ताप. जीव नकोसा वाटून भलतंसलतं मनात आलं, तरीही. ते पान मी फ्रिजवर लावलं. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून असं पान मागून घ्या. "मानसिक आहे" म्हटल्यावर खरं दुखणं अंगावर काढायची भीती असते, ती यामुळे पुष्कळ कमी होते.

मानसोपचारतज्ज्ञ कराडातही आहेत. मी कोल्हापूर निवडलं, कारण उघड आहे. मार्चएंडच्या तोंडावर रजा मागायची सोय नव्हती, त्यामुळे वेळ मिळाली ६ एप्रिलची. सासूबाई म्हणाल्या, "येड्याच्या डाक्टरकडं कशाला जातीयास? तुला काय याड लागलंय व्हय?" मी म्हटलं, "आई, झोपेच्या डॉक्टरांकडे चाललेय." तेवढ्यावर भागलं.

एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट असल्यामुळे जाण्या-येण्याचा खर्च फार नव्हता. वेळ मात्र जायचा. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं, दर थोड्या अंतरावर गाडी सर्व्हिस रोडला उतरायची. क्लिनिकच्या प्रतीक्षागृहात माझ्या मुलाच्या शाळेतल्या एक बाई बसलेल्या. दहा मिनिटं आम्ही दोघी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

पहिल्या भेटीची फी हजार रुपये, पुढच्या भेटींची सहाशे. पहिली भेट पाऊण तासाची झाली. जाताना सगळ्या रिपोर्टची फाइल, चालू औषधांची यादी आणि फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी नेली होती, त्यामुळे तपासण्या पुन्हा झाल्या नाहीत. शक्य असेल तर घरातलं एक माणूस सोबत न्या. आपण विसरतो त्या गोष्टी ते सांगतं.

निदान झालं पॅनिक डिसऑर्डर आणि मध्यम नैराश्य. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं, ॲड्रेनॅलिन वाढतं, हृदय पळायला लागतं. आपण घाबरून भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, बधिरपणा, हलकं डोकं हे सगळं त्यातून येतं. झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतोच. सहा महिने मला जे होत होतं ते कुणीतरी क्रमाने सांगितलं, यानेच मला तिथे रडू आलं. भावामुळे झालं का, असं मी विचारलं. त्या डॉक्टर म्हणाल्या, त्याचा हात असेल, पण एकच कारण शोधत बसू नका.

गोळी होती एस्सिटॅलोप्रॅम, पहिला आठवडा पाच मिलिग्रॅम, मग दहा. सोबत रात्री क्लोनाझेपामचा छोटा डोस, फक्त सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी. या दुसऱ्या गोळीची सवय लागू शकते, ती मनाने वाढवायची नाही आणि एकदम सोडायचीही नाही. पहिल्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिले काही दिवस अस्वस्थता वाढू शकते, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

आणि ती वाढलीच. मळमळ, हातांना कंप, पहाटे तीनला जाग. चौथ्या रात्री मी गोळ्या फेकायच्या बेतात होते. त्या रात्री टेलिमानसला फोन केला, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने आधी छातीत दुखतंय का, घरात कोण आहे, हे विचारून घेतलं. मग पंधरा-वीस मिनिटं बोलत राहिली. गोळी सोडण्याआधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, असं सांगितलं. सकाळी केला. गोळी रात्रीऐवजी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. दोन आठवड्यांत मळमळ गेली.

एप्रिलअखेर त्याच क्लिनिकमधल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायचा उपचार, सुरू झालं. एका वेळेचे नऊशे रुपये. एक भेट कोल्हापुरात, पुढची फोनवर व्हिडिओने. घरात भिंतीला कान असल्यामुळे मी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसायचे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते, तिचा नंबर विचारायला लाजू नका.

मला वाटलं होतं, तिथे बोलायचं असतं. पण तिथे कामं होती. स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत गोल फिरायचं. पतसंस्थेचे दोन मजले झपाझप चढायचे. म्हणजे जी धडधड आणि जी चक्कर टाळत होते, ती मुद्दाम आणायची आणि नाडी न मोजता बसून राहायचं. ऑक्सिमीटरचे सेल काढून यांच्याकडे दिले. मोजावंसं वाटलं तर आधी वीस मिनिटं थांबायचं. ज्या ज्या जागा मी टाळत होते त्यांची सोप्याकडून अवघडाकडे यादी केली. त्यात ७ मे आपोआप आली, लोकसभेचं मतदान. ऊन मी म्हणत होतं, रांग शाळेच्या फाटकापर्यंत, आणि मधूनच निघायची सोय नाही. निम्म्यात धडधड सुरू झाली. मी पुढच्या बाईच्या साडीच्या काठातले मोर मोजत राहिले. आमच्या सायकॉलॉजिस्टना ते फारसं आवडलं नाही, लक्ष दुसरीकडे वळवणं हीही पळवाटच म्हणाल्या. पण मत देऊन आले.

आता शनिवारांचं. सगळ्या उपचारांत मला सर्वांत जास्त उपयोग कशाचा झाला, असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन, जरी गोळ्यांशिवाय ते जमलं असतं असं वाटत नाही. पहिल्या दोन-तीन शनिवारी मी वही भरून नेली. डॉक्टर ती वाचायचे, बीपी घ्यायचे, छाती ऐकायचे, पोट दाबून बघायचे. दर वेळी, न कंटाळता. पंधरा मिनिटं. गंमत म्हणजे मंगळवारी भयंकर वाटलेली कळ शनिवारी वहीत वाचताना कुठे होती तेच आठवायचं नाही.

जूनमध्ये एक शनिवार असा आला की वहीत काहीच नव्हतं. मी गेले नाही. दुपारी कंपाउंडर काकांचा फोन आला, डॉक्टर वाट बघतायत. गेले. बरं असताना दवाखान्याच्या बाकावर बसायची इतकी लाज वाटली की शेजारच्या बाईंना मी उगाच गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. आत डॉक्टर म्हणाले, "आजची भेट महत्त्वाची." इतके दिवस दुखलं की डॉक्टर भेटतात असा हिशेब होता, तो त्यांना मोडायचा होता. काही झालं नाही तरी ते भेटणार होते. त्या दिवशी आम्ही भावाबद्दल बोललो. दीडशे रुपये फी घेतलीच, आणि ते मला आवडलं. उपकार वाटले नाहीत.

पुढे कुठेतरी वाचलं की गोव्यात २४ दवाखान्यांमध्ये, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रं आणि निम्मे खाजगी डॉक्टर, असा एक मोठा अभ्यास झाला होता. चिंता-नैराश्याच्या पेशंटना तिथेच प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांची जोड दिली. २०१० मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी केंद्रांत त्याने बरं होण्याचं प्रमाण वाढलं, खाजगीत तसा फरक दिसला नाही. का, ते तज्ज्ञ जाणोत. मला आपलं आमच्या डॉक्टरांचं ते स्टेपल केलेलं कार्ड आठवलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. मेडिक्लेममध्ये यातलं काहीही मिळालं नाही, कारण माझी पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच लागू होते, ओपीडीला नाही. त्यात मानसिक-शारीरिक असा भेद नव्हता. तसा भेद करायला कायद्यानेच मनाई आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं असतं. नवी पॉलिसी घेताना किंवा जुनी दुसऱ्या कंपनीकडे नेताना (पोर्ट करताना) मात्र हा आजार अर्जात लिहा, लपवला तर पुढचा भलताच दावाही अडकू शकतो. रजेसाठी प्रमाणपत्र लागलं तेव्हा निदानाच्या रकान्यात काय लिहायचं, हे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मलाच विचारलं. याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, कलम २३. "वैद्यकीय उपचार चालू" एवढ्यावर माझी रजा मंजूर झाली.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी बघा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. माझ्या एका सहकाऱ्याचा भाऊ तिथूनच बरा झाला. रांगेत सकाळ जाते, पण गोळी तीच असते. मी स्वतः पुढे जनऔषधी दुकानातून घ्यायला लागले, खर्च निम्म्याहून खाली आला. दीड वर्षाच्या उपचारांना प्रवासासकट जेवढा खर्च झाला, साधारण तेवढाच आधीच्या पाच महिन्यांच्या तपासण्यांवर झाला होता.

आणखी एक. चालू औषधांबद्दल प्रत्येक डॉक्टरला सांगा. दाढ काढायला गेले तेव्हा मी सांगितलं, म्हणून डेंटिस्टनी वेदनाशामक बदलून दिलं. एस्सिटॅलोप्रॅमसोबत काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो.

ऑगस्टपर्यंत सीबीटी संपलं. ऑक्टोबर २०२४ पासून शनिवार महिन्यातून एक झाला. बरं वाटायला लागल्यावरही गोळी कित्येक महिने चालू ठेवावी लागते. माझी मे २०२५ पासून हळूहळू उतरवली. कमी करताना मधूनच डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, चिडचिड व्हायची. डॉक्टरांनी वेग कमी केला, त्यामुळे ठरल्यापेक्षा दोन महिने जास्त लागले. धडधड पूर्ण गेली असं नाही. वर्षातून दोन-चारदा येते, बसते, जाते.

सासूबाईंना खरं काय ते कळलं, पण त्यांच्याच पद्धतीने. एका संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला गेलो असताना म्हणाल्या, "त्या झोपंच्या डाक्टरला माझं बी इचार." सासरे गेल्यापासून त्यांना झोप नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. त्यांना मी कोल्हापूरला नेलं नाही. आधी आमच्याच डॉक्टरांकडे, त्याच दोन कागदांसाठी.

माझी भेट आता तीन महिन्यांनी असते. डिसेंबरमध्ये मात्र मी मध्येच गेले, लघवीला जळजळ होत होती आणि थंडी वाजत होती. कंपाउंडर काकांनी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, "आज शनिवार नाही." डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. इन्फेक्शन निघालं. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं.